चाळिशीत गाडी शिकताना : गल्लीतल्या ड्रायव्हिंग स्कूलचं परीक्षण

मोठेपणी शिकायच्या राहून गेलेल्या गोष्टींची यादी जवळजवळ प्रत्येकाकडे असते. पोहणं, आयकराचं विवरणपत्र स्वतः भरणं, तोंडावर ‘नाही’ म्हणणं. त्यातल्या बहुतेकांसाठी कुणाकडे जायचं हेच ठाऊक नसतं. चारचाकीचं तसं नाही. आरटीओच्या आसपास, बसस्टँडसमोर, सोसायटीच्या कोपऱ्यावरच्या छोट्याशा गाळ्यात एखादं मोटार ट्रेनिंग स्कूल असतंच. हे परीक्षण कुठल्या एका स्कूलचं नाही. पुणे, ठाणे, नाशिक, कोल्हापूर, कुठेही थोड्याफार फरकानं सारख्याच मिळणाऱ्या या सेवेचं ते आहे, आणि तिशी-चाळिशी ओलांडलेल्या शिकाऊ माणसाच्या बाजूनं लिहिलेलं आहे. अठरा वर्षांच्या पोराला स्कूलनं कमी शिकवलं तरी तो मित्रांच्या गाड्यांवर हात साफ करून घेतो. पंचेचाळिशीतल्या माणसाला ती सोय नसते. घरच्या गाडीवर शिकायचं म्हटलं, तर शेजारी बसलेला नवरा, बायको किंवा मुलगा पहिल्या चौकात ओरडतो आणि प्रकरण तिथंच मिटतं.

निकाल आधीच सांगून टाकतो. स्टेअरिंग हातात बसवण्यासाठी आणि रहदारीची धडकी कमी करण्यासाठी ही सेवा पैसे वसूल आहे. क्लच, रिव्हर्स आणि चढ यांसाठी मात्र मागितल्याशिवाय काहीही मिळत नाही. आणि मागणं हीच मोठ्या माणसांची अडचण. ‘सर, हे मला अजून जमलेलं नाही, परत दाखवा’ हे वाक्य शाळेतलं मूल सहज बोलतं. बँकेत मॅनेजर असलेल्या माणसाच्या तोंडून ते निघत नाही.

आधी तासांचा हिशेब. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या नियम ३१ नुसार खासगी वाहनाचं प्रशिक्षण किमान २१ दिवसांचं हवं आणि प्रत्यक्ष गाडी चालवण्याचे तास किमान १० हवेत. बाजारात सर्रास दिसणारं पॅकेज १५ दिवसांचं, रोज अर्ध्या तासाचं असतं. म्हणजे साडेसात तास. त्यातही गाडीत मागच्या सीटवर पुढचा शिकाऊ बसलेला असतो, तुम्हाला घरून घेऊन त्याला त्याच्या दारात सोडायचं असतं, मधे सरांचा फोन वाजतो. अर्ध्या तासातली वीस मिनिटं जरी तुमच्या हातात स्टेअरिंग राहिलं तरी पंधरा दिवसांचे पाचच तास होतात, म्हणजे नियमातल्या किमान तासांच्या निम्मे. फी सहा हजार धरली, तर कागदावर तासाला आठशे रुपये पडतात आणि प्रत्यक्षात बाराशे. दोन स्कूलची तुलना करताना एकूण फी बघू नका, हा तासाचा दर काढा. आणि विचारा : गाडीत एका वेळी किती जण? वेळ कुठून मोजता, माझ्या दारातून की मी स्टेअरिंगवर बसल्यापासून? सुट्टी पडली तर दिवस पुढे ढकलता की बुडाला?

स्कूलनं प्रत्येक शिकाऊच्या ड्रायव्हिंगच्या तासांची नोंद फॉर्म १५ या नोंदवहीत ठेवायची असते आणि त्यावर तुमची सही घ्यायची असते. बऱ्याच ठिकाणी शेवटच्या दिवशी एकदम सगळ्या रकान्यांत सह्या करायला सांगतात. रोजची सही रोज करा, नाहीतर तुम्ही न चालवलेल्या तासांवर तुमचीच सही राहते. स्कूलचा स्वतःचा परवाना, म्हणजे फॉर्म ११, गाळ्यात दिसेल असा लावलेला हवा. नसला तर उलट्या पावली परत या.

आता गाडी. बहुतेक ठिकाणी बरीच वर्षं वापरातली छोटी पेट्रोल हॅचबॅक असते आणि ते योग्यच आहे. बॉनेट लहान, वळण्याची जागा कमी, स्टेअरिंग हलकं. नियमानुसार शिकवणीच्या गाडीला दुहेरी कंट्रोल लागतो. शेजारच्या सीटसमोर सरांसाठी क्लच आणि ब्रेकचे वेगळे पेडल असतात आणि ते तुमच्या पेडलांना जोडलेले असतात. सरांनी त्यांचा क्लच दाबला की तुमचाही आपोआप खाली जातो. ही सोय जीव वाचवते, आणि शिक्षण मारते. होतं असं, की सकाळच्या गर्दीत नवशिक्यानं सिग्नलला गाडी बंद पाडली तर मागून हॉर्नचा गदारोळ होतो आणि पुढच्या शिकाऊला उशीर होतो. म्हणून सरांचा पाय क्लचवर कायम टेकलेला असतो. तुम्ही गिअर टाकता, गाडी लोण्यासारखी पुढे सरकते, सर म्हणतात, ‘बघा, जमलं की!’ जमलेलं असतं सरांना.

हे ओळखायला सोपं आहे. डावा पाय क्लचवर नुसता अलगद ठेवा, दाबू नका. पेडल तुमच्या तळव्यापासून आपोआप लांब गेलं तर दुसरं कुणी दाबतंय. किंवा तिसऱ्या-चौथ्या दिवसापर्यंत गाडी एकदाही बंद पडली नसेल, तरी संशय घ्या. नवशिक्याच्या हातून गाडी बंद पडायलाच हवी. चांगला ट्रेनर चौथ्या दिवसापासून चप्पल पेडलवरून काढून मागे घेतो आणि तसं सांगतोही. सांगत नसेल तर आपण म्हणायचं, ‘सर, आज ब्रेक तुमच्याकडे ठेवा, क्लच माझ्याकडे.’ हे वाक्य या सगळ्या व्यवहारातलं सगळ्यात किमती वाक्य आहे. बहुतेक ट्रेनर हसून मान्य करतात. वेळ घालवायचा नसतो म्हणून ते आपण होऊन सुचवत नाहीत, इतकंच.

क्लचवर जरा थांबतो, कारण मोठ्या वयात गाडी शिकणं सोडून देणाऱ्यांतले बहुतेक इथेच अडकलेले असतात. क्लचचं पेडल पूर्ण दाबलं की इंजिन आणि चाकं यांचा संबंध तुटतो. सोडत आणलं की एका जागी क्लच प्लेट फिरत्या चक्राला टेकू लागते. हीच ‘हाफ क्लच’ची जागा. तिथं पोचल्यावर इंजिनचा आवाज किंचित जड होतो, स्टेअरिंगमध्ये बारीक थरथर येते, बॉनेट केसभर उचलल्यासारखं वाटतं. या जागेच्या आधी पाय कितीही भराभर सोडला तरी चालतो, नंतरही चालतो. फक्त त्या बोटभर पट्ट्यात पाय दोन-तीन सेकंद थांबवायचा असतो. नवशिक्या नेमकं उलट करतो. सुरुवातीला घाबरत हळूहळू सोडतो, आणि थरथर आली की दचकून एकदम सोडून देतो. गाडी उडी मारते आणि बंद पडते. मग सर म्हणतात, ‘रेस द्या, रेस द्या,’ म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर दाबा. रेस वाढवून गाडी बंद पडायची थांबते खरी, पण प्लेट घासते, आणि पुढे आयुष्यभर दर सिग्नलला इंजिन ओरडवत निघायची खोड लागते.

याचा सराव सपाट, रिकाम्या रस्त्यावर अ‍ॅक्सिलरेटरला हातही, म्हणजे पायही, न लावता करायचा. फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांत इंजिन बंद पडू नये एवढं इंधन यंत्रणा स्वतःच सोडते, त्यामुळे पहिल्या गिअरमध्ये नुसत्या क्लचवर गाडी चालत्या माणसाच्या वेगानं सरकते. क्लच पूर्ण दाबा, पहिला गिअर, थरथर येईपर्यंत सोडा, तिथंच धरा, गाडी दोन हात सरकू द्या, परत दाबा, ब्रेक. पुन्हा. एका बैठकीत वीस-पंचवीस वेळा. दोन दिवस अर्धा अर्धा तास एवढंच केलं तर पुढच्या दहा दिवसांचं रडगाणं वाचतं. पण स्कूलच्या वेळापत्रकात हे जवळजवळ कुठेच नाही, कारण शिकाऊलाच पहिल्या दिवशी मोठ्या रस्त्यावर गाडी ‘पळवल्याचं’ समाधान हवं असतं. दोष दोघांचा.

बसण्याची गोष्टही इथलीच. क्लच तळापर्यंत दाबल्यावर गुडघा थोडा वाकलेला राहील एवढी सीट पुढे हवी. पाठ सीटला टेकवून हात सरळ केला तर मनगट स्टेअरिंगच्या वरच्या कडेवर पडलं पाहिजे. सीट मागे राहिली तर पाय ताणून क्लच अर्धवट दाबला जातो आणि गिअर टाकताना कर्रर्र आवाज येतो. त्याचा दोष मग गिअरबॉक्सला. जाड तळाचे बूट आणि मागून सुटणाऱ्या चपला दोन्ही वाईट, पातळ तळाचे बंद बूट घाला. उंची कमी असेल तर घट्ट उशी घरून न्या, लाजू नका.

रिव्हर्स आणि ‘जजमेंट’ हे दुसरं दुखणं. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, त्यामुळे डावी बाजू किती लांब आहे याचा अंदाज येत नाही. शिकाऊ माणूस डावीकडच्या रिक्षाला घाबरून गाडी रस्त्याच्या मधोमध नेतो. यावर जुन्या ट्रेनरांची युक्ती चांगली आहे : रस्त्याच्या डाव्या कडेची पांढरी पट्टी बॉनेटच्या साधारण मध्यावर येऊन मिळाल्यासारखी दिसली, की डावं चाक पट्टीच्या जवळ आहे. माणसाच्या उंचीप्रमाणे आणि गाडीप्रमाणे ही खूण थोडी सरकते. म्हणून एकदा गाडी थांबवून, खाली उतरून, चाक खरोखर कुठे आहे ते बघायचं आणि परत येऊन बॉनेटवर आपली खूण ठरवायची. पाच मिनिटांचं काम आहे. उतरून बघायला सांगणारा ट्रेनर मिळाला तर तो सोडू नका.

रिव्हर्समध्ये स्टेअरिंग डावीकडे फिरवलं की गाडीचा पार्श्वभाग डावीकडे जातो, आणि नाक उजवीकडे फेकलं जातं. नाकाचं हे फेकलं जाणं कुणी सांगत नाही. मागे बघत बघत गाडी लावताना पुढचा कोपरा शेजारच्या गाडीला घासतो तो यामुळे. रिव्हर्सचा वेगही हाफ क्लचवरच सांभाळायचा, अ‍ॅक्सिलरेटरवर नाही. म्हणजे पुन्हा तोच पट्टा. पॅकेजमध्ये रिव्हर्सला बहुधा एकच दिवस असतो, तोही परवान्याच्या चाचणीआधीचा, आणि तेवढाच एक ट्रॅक पाठ करून घेतला जातो. ‘दुसऱ्या खांबाशी आलात की पूर्ण उजवीकडे’ असं शिकलेला माणूस परीक्षा पास होतो आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये वॉचमनला हाका मारतो.

चढाचं तर बोलायलाच नको. चालक चाचणीच्या नियमातच (नियम १५) चढावर थांबून मागे न घसरता निघता आलं पाहिजे असं आहे. तरी अनेकांचा कोर्स एकाही उड्डाणपुलावर मधे न थांबता संपतो. पद्धत अशी : हँडब्रेक ओढलेला, पहिला गिअर, क्लच थरथरीपर्यंत, थोडी रेस, इंजिनचा आवाज दबला की हँडब्रेक सोडा. गाडी जागच्या जागी उभी राहते, मग सरकते. हाफ क्लचवर गाडी चढावर तोलून धरायची सवय काही ट्रेनर स्वतःच लावतात. दिसायला ते भारी दिसतं, पण प्लेट तापते, जळका वास येतो, आणि बिल पुढे गाडीच्या मालकाला येतं. ज्यांच्या नव्या गाडीत हिल होल्ड आहे त्यांनीही हे शिकावं. ती सोय दोन-तीन सेकंदच ब्रेक धरते.

उतार आणि घाट ही सेवा शिकवतच नाही, आणि महाराष्ट्रात राहून आंब्यासारखे घाट टाळता येत नाहीत. ट्रेनरला निदान तोंडी विचारून घ्या. ज्या गिअरवर चढलो असतो त्याच गिअरवर उतरायचं, म्हणजे इंजिनच गाडीला धरून ठेवतं. गाडी न्यूट्रल करून उतरणाऱ्याला सगळा भार ब्रेकवर टाकावा लागतो, ब्रेक तापतात आणि ऐन वळणावर पकड कमी होते. अरुंद घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हा शिष्टाचार नाही, नियम आहे. पावसाबद्दलही तेच. काचेला आतून वाफ धरली की एसी लावून हवा काचेवर सोडायची, हे जूनमध्ये शिकणाऱ्याला कळतं, जानेवारीत शिकणाऱ्याला नाही. निवड करता येत असेल तर पावसाळ्यात शिका. स्कूलमध्ये गर्दी कमी असली तर वेळही जास्त मिळतो.

लायसनच्या बाजूला स्कूलची कामगिरी चोख असते, किंबहुना हाच त्यांचा खरा धंदा. पण त्यातलं किती काम आपण स्वतः करू शकतो हे माहीत असावं. केंद्रीय नियमांप्रमाणे शिकाऊ परवान्याचे १५० रुपये आणि त्याच्या चाचणीचे ५०, पक्क्या परवान्यासाठी चाचणीचे ३०० आणि परवान्याचे २००. एकूण ७००. टपाल, सेवाशुल्क वगैरे थोडं वर जातं. आधार जोडलेलं असेल तर शिकाऊ परवान्याची चाचणी महाराष्ट्रात २०२१ पासून परिवहन खात्याच्या सारथी पोर्टलवर घरबसल्या देता येते. चाळिशी ओलांडलेल्यांना डॉक्टरांचं फॉर्म १-ए प्रमाणपत्र लागतं, ते आधी काढून ठेवा, अर्ज अर्धवट राहतो तो बहुधा इथेच. शिकाऊ परवाना सहा महिने चालतो आणि पक्क्यासाठी तीस दिवसांनंतर अर्ज करता येतो. तिशी ते पन्नाशीतल्या माणसाला पक्का परवाना दहा वर्षांचा मिळतो.

‘लायसनची गॅरंटी आमची’ असा बोर्ड दिसला तर सावध. परवाना वाकड्या वाटेनं मिळवून देण्याची आशा दाखवायची नाही, असं स्कूलच्या परवान्याच्या अटींतच लिहिलेलं आहे. आणि नापास होणं इतकं भयंकर नाही : सात दिवसांनी परत चाचणी देता येते, तीनदा नापास झाल्यास साठ दिवस थांबावं लागतं. चाळीस वर्षांच्या माणसाला नापास व्हायची सवय राहिलेली नसते, म्हणून तो गॅरंटीचे जास्तीचे पैसे मोजतो. त्याच पैशात चार तास जादा सराव होतो.

दुसरा पर्यायही आहे. जुलै २०२१ पासून केंद्रानं मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांची योजना सुरू केली. तिथला हलक्या वाहनाचा कोर्स २९ तासांचा, त्यातले २१ तास प्रत्यक्ष गाडीवर आणि ८ तास वर्गात, जास्तीत जास्त चार आठवड्यांत. तो पास झालात तर आरटीओच्या चालक चाचणीतून सूट मिळते. शिकण्याच्या दृष्टीनं गल्लीतल्या स्कूलशी याची बरोबरीच नाही. अडचण एवढीच की अशी केंद्रं फार थोडी आहेत आणि नोकरदाराला अंतर, वेळ जमत नाही. जवळ असेल तर डोळे झाकून तिकडे जा.

ऑटोमॅटिक घेतलीच आहे, तर मॅन्युअल कशाला शिकायचं? प्रश्न रास्त आहे. आपल्याकडे कारच्या परवान्यात असा भेद नाही, आणि पन्नाशीत गुडघे दुखत असतील तर क्लचच्या वाटेला न गेलेलं बरं. फक्त स्कूलकडे ऑटोमॅटिक गाडी आहे का हे आधी बघा. नसेल तर मॅन्युअलवर पंधरा दिवस शिकून ऑटोमॅटिकवर बसलेला माणूस डाव्या पायानं क्लच समजून ब्रेक दाबतो आणि मागची गाडी येऊन आदळते. डावा पाय बाजूच्या विसाव्यावर ठेवायचा आणि दोन्ही पेडलांना एकट्या उजव्या पायानंच सांभाळायचं, हे पहिल्या तासाला अंगवळणी पाडा.

कोर्स संपल्यावर पाच-सहा तास स्वतःच्या गाडीवर त्याच ट्रेनरला बसवून घेणं, ही या सेवेतली सगळ्यात उपयोगी आणि सगळ्यात कमी विकली जाणारी गोष्ट. बरेच ट्रेनर तासावर येतात. तुमचा ऑफिसचा रस्ता, तुमचं पार्किंग, तुमच्या सोसायटीचा रॅम्प एवढंच त्यांच्याकडून करून घ्या. पक्का परवाना हातात आलेला नसेल, तर पुढे-मागे १८ सेंटिमीटरच्या चौकोनी पांढऱ्या पाटीवर लाल ‘एल’ हवा आणि शेजारी परवानाधारक माणूस हवा, नाहीतर अपघात झाल्यास विम्याचा दावा अडतो. तुमच्या गाडीत शेजारी पेडल नसतात, म्हणजे ट्रेनरच्या हातात फक्त हँडब्रेक. नव्या गाड्यांत हँडब्रेकच्या जागी बटण असलं, तर निघण्याआधी त्याला ते दाखवा. बहुतेक गाड्यांत ते बटण ओढून धरून ठेवलं की चालती गाडीही थांबते. आपल्या गाडीच्या पुस्तिकेत हे पान शोधून आधी वाचून घ्या.